एका वाक्याची उलटतपासणी : अल्लाउद्दीन खलजी, वैरागड आणि आमचं मोहर्ली



पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायला बसायचं आहे, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. म्हणून आज दुसऱ्या कुणाच्या पुस्तकावर नाही, तर माझ्याच एका वाक्यावर टीका करणार आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर हे वाक्य होतं :

"इ. स. १३०९ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने चांदा प्रदेश जिंकून तो आपल्या साम्राज्यात समाविष्ट केला."

वाचायला किती बरं वाटतं ना? साल आहे, राजा आहे, प्रदेश आहे, क्रियापद ठाम आहे. माझ्या गाईडनी पेन्सिल घेतली आणि या वाक्यात पाच ठिकाणी खाली रेघ ओढली. प्रत्येक रेघेजवळ एकच शब्द लिहिला : "कशावरून?" पाचांपैकी एकाचंही धड उत्तर मला देता आलं नाही. तो सिनॉप्सिस परत आला. त्यानंतरचे सहा महिने या पाच रेघांमागे गेले, आणि खरं सांगायचं तर संशोधन म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं.

हे वाक्य मी लिहिलं कसं?

मी मोहर्लीची. ताडोब्याला आला असाल तर आमच्याच गेटातून आत गेला असाल. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसतात. जिप्सीतले गाईड पर्यटकांना सांगतात, "हे गोंड राजाच्या काळातले खांब. याले दोर बांधून घंट्या लावल्या होत्या, राजा येते म्हून निरोप जाये." लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे ही. घरातले एक काका त्यात भर घालायचे : "अल्लाउद्दीनाची फौज वारंगलले गेली ना, ते याच रस्त्यानं!"

माझं गाव दिल्लीच्या सुलतानाच्या इतिहासात आहे, ही कल्पना किती गोड आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्याकडे लोक वाघ बघायला येतात. माणसांबद्दल कुणी विचारत नाही. तेव्हा मला ते वाक्य हवंच होतं. आधी वाक्य ठरलं, मग मी त्यासाठी पुरावा शोधायला निघाले. ही चूक पाचही रेघांच्या आधीची आहे. ती तुम्ही करू नका, एवढ्यासाठीच हा लेख.

साधनं कोणती?

रेघा समजायच्या तर आधी साधनं माहीत हवीत. या मोहिमेसाठी मुख्यतः तीन ग्रंथ बघावे लागतात, तिन्ही फारसी.

पहिला, अमीर खुसरोचा 'खजाइन-उल-फुतूह', म्हणजे 'विजयांचे खजिने'. अल्लाउद्दीनच्या हयातीत, १३११ च्या सुमारास पूर्ण झालेला. दुसरा, इसामीचा 'फुतूह-उस-सलातीन', दख्खनमध्ये १३५० च्या सुमारास लिहिलेलं पद्य. तिसरा, झियाउद्दीन बरनीचा 'तारीख-ए-फिरोजशाही', १३५७ च्या सुमाराचा, म्हाताऱ्या आणि दरबारातून बाहेर पडलेल्या माणसाने आठवणींवरून लिहिलेला.

आपल्यापैकी बहुतेकांना फारसी येत नाही. मग आपण जातो ईलियट आणि डाउसन यांच्याकडे. त्यांचा तिसरा खंड १८७१ चा. त्यात खुसरोचा ग्रंथ 'तारीख-ए-अलाई' या नावाखाली आहे, आणि तोही निवडक उताऱ्यांत. पूर्ण इंग्रजी भाषांतर मोहम्मद हबीब यांनी १९३१ मध्ये केलं. मी फक्त ईलियट वाचून "मूळ साधन पाहिले" असं लिहिलं होतं. उताऱ्यांचं भाषांतर म्हणजे मूळ साधन नव्हे. काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे तिथे आपल्या आधी दुसऱ्याने ठरवलेलं असतं, आणि ईलियटला तर इंग्रजी अंमल आधीच्या राजवटींपेक्षा किती चांगला हे दाखवायचं होतं.

आता रेघा बघू.

रेघ पहिली : '१३०९ मध्ये'

खुसरो हिजरी साल देतो : ७०९. हे वर्ष जून १३०९ ते मे १३१० असं दोन इसवी सनांत पसरलेलं आहे. मोहीम दिल्लीहून निघाली ऑक्टोबर १३०९ च्या अखेरीस, आणि फौज वारंगळसमोर पोचली जानेवारी १३१० मध्ये. आपल्या भागातून ती गेली असेल तर या दोन टोकांच्या मधे, बहुधा अगदी शेवटच्या काही आठवड्यांत. म्हणजे माझं '१३०९' कदाचित बरोबर, कदाचित चूक. हिजरी सालाचा इसवी सन करताना महिना न बघता आकडा टाकला की असं होतं. चूक लहान आहे, पण परीक्षकाला ती पहिल्या पानावर दिसली की पुढची दोनशे पानं तो संशयाने वाचतो.

रेघ दुसरी : 'अल्लाउद्दीनने'

अल्लाउद्दीन स्वतः दख्खनमध्ये आला तो १२९६ मध्ये, सुलतान होण्याच्या आधी. तेव्हा तो कडा इथला सुभेदार होता. अचलपूरच्या बाजूने येऊन त्याने देवगिरीवर अचानक घाला घातला, रामदेवराव यादवाकडून मोठी खंडणी नेली, आणि त्याच वर्षी काका व सासरा असलेल्या जलालुद्दीनचा खून करवून गादी मिळवली. त्यानंतर तो या बाजूला फिरकला नाही. १३०९-१० ची फौज नेली ती मलिक काफूरने.

"मग काय झालं, राजाच्या नावावरच लिहितात की!" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. पण इथे फरक पडतो. सुलतान दिल्लीत आहे, उत्तरेकडून मंगोलांची भीती आहे, आणि सेनापती हजार मैलांवर आहे. अशा वेळी सेनापतीला काय सांगून पाठवलं होतं, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. 'अल्लाउद्दीनने' असं लिहिलं की तो प्रश्न उरतच नाही. त्या प्रश्नाकडे चौथ्या रेघेत येते.

रेघ तिसरी : 'चांदा प्रदेश'

चांदा शहर वसवण्याचं श्रेय परंपरा खांडक्या बल्लाळशाहला देते, आणि ते पंधराव्या शतकात. म्हणजे १३१० मध्ये 'चांदा प्रदेश' हा शब्दच मी मागच्या काळावर लादला. गोंड राजांच्या वंशावळीत त्या काळासाठीही नावं आहेत, पण ती वंशावळ आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः मेजर ल्युसी स्मिथने एकोणिसाव्या शतकात जमाबंदीच्या अहवालात नोंदवलेल्या परंपरेतून. परंपरा टाकून द्यायची नसते. पण समकालीन पुरावा म्हणून तिला उभं करता येत नाही.

मग खुसरो काय म्हणतो? तो 'बसीरागढ' असं एक नाव देतो. दोन नद्यांच्या मधला मुलूख, आणि तिथे हिऱ्यांची खाण. नद्यांची नावं यशर आणि बरुजी अशी काहीशी वाचली जातात. अनेक इतिहासकारांनी हे ठिकाण म्हणजे वैरागड मानलं आहे : आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात. त्यानंतर फौज ज्या किल्ल्यावर गेली तो म्हणजे सिरपूर, वर्धा नदीपलीकडे आजच्या तेलंगणात.

ही ओळख कितपत पक्की? बाजूने आणि विरुद्ध असं मांडून बघू. तुमच्या विषयातल्या कुठल्याही स्थळनिश्चितीला हीच पद्धत लावा.

बाजूने : वैरागडला खरोखर दोन नद्यांचा संगम आहे, खोब्रागडी आणि सतनाला. वैरागडच्या हिऱ्यांचा स्वतंत्र पुरावाही आहे. अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या हिऱ्याच्या खाणीची नोंद करतो. ती पूर्वी दुसऱ्या राजाकडे होती आणि आता चांद्याच्या गोंड राजाकडे आहे, असंही सांगतो. खुसरो वाचून त्याने हे लिहिलं असं मानायचं कारण नाही, त्याला महसुलाची माहिती हवी होती. दोन वेगळ्या हेतूंनी लिहिलेले ग्रंथ एकाच गोष्टीवर मिळतात, तेव्हा पुराव्याला वजन येतं. शिवाय वैरागड आणि सिरपूर ही ठिकाणं एकापाठोपाठ बसतात.

विरुद्ध : नद्यांची नावं अजिबात जुळत नाहीत. फारसी लिपीत कित्येक अक्षरं फक्त नुक्त्यांनी वेगळी होतात, ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, आणि नक्कल करणाऱ्याने हे मुलूख पाहिलेले नसतात. त्यामुळे न जुळणं समजू शकतं. पण 'समजू शकतं' म्हणजे 'सिद्ध झालं' नाही. दुसरी अडचण वाटेची. फौज देवगिरीमार्गे गेली आणि रामदेवरावाने तिला माणसं, बाजार, रसद सगळं पुरवलं, यावर बरनीचा भर आहे. देवगिरीहून वारंगळला जायचं तर आग्नेयेला वळायचं. वैरागड देवगिरीच्या जवळजवळ सरळ पूर्वेला, पाचशे किलोमीटरवर! एवढा वळसा कशाला? फौज खुद्द देवगिरीला न जाता यादवांच्या सरहद्दीला शिवून पूर्वेला गेली, असं धरलं तर वाट जुळते. मग बरनीच्या तपशिलाला थोडी मुरड घालावी लागते.

माझं आजचं मत : वैरागड संभवनीय, बरंचसं संभवनीय, पण 'बहुधा' हा शब्द काढायचा नाही.

आणि मोहर्ली? वैरागड आणि सिरपूर यांच्यात नकाशावर पट्टी ठेवा. रेघ वैनगंगेच्या बाजूने खाली जाते. मोहर्ली त्या रेघेच्या किमान पन्नास किलोमीटर पश्चिमेला राहतं. नकाशावरची रेघ म्हणजे रस्ता नव्हे, हे कबूल. पण फौज मोहर्लीवरून गेली असं म्हणायला माझ्याकडे काकांच्या वाक्याशिवाय काही नाही. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग कोणत्या रस्त्यानं गेली ते तरी सांग." मला सांगता आलं नाही, अजूनही येत नाही.

रेघ चौथी : 'जिंकून'

बरनी सांगतो की सुलतानाने काफूरला निघताना बजावलं होतं : वारंगळचा राय खजिना, हत्ती, घोडे देत असेल आणि दरवर्षी खंडणी द्यायला कबूल असेल, तर तेवढ्यावर मिटवून घे. राय स्वतः हाती यावा, किल्ला हाती यावा, असा हट्ट धरू नकोस. प्रतापरुद्राने शेवटी हेच मान्य केलं आणि काफूर लूट घेऊन दिल्लीला परतला. सिरपूरचा किल्ला लढून घेतला, तरी तो किल्लेदाराच्या भावाच्याच हाती ठेवून फौज पुढे गेली.

म्हणजे ज्या मोहिमेचं उद्दिष्टच जमीन नव्हतं, तिच्या वाटेवरच्या वैरागडला मी 'जिंकून' टाकलं होतं. वैरागडला लढाई झाली असंही मला कुठे सापडलं नाही.

रेघ पाचवी : 'साम्राज्यात समाविष्ट'

आपण सगळ्यांनी शाळेत एक नकाशा पाहिला आहे. दिल्लीपासून दक्षिणेपर्यंत एकच रंग, आणि त्यावर काफूरचे बाण. त्या रंगात विदर्भ सगळा भरलेला. माझं वाक्य खरं तर त्या नकाशातून आलं होतं, खुसरोकडून नाही.

राज्यविस्तार म्हणून आपण जे एका शब्दात सांगतो त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, धाड : लूट घ्यायची आणि परत जायचं, जसं १२९६ ला देवगिरीत झालं. दोन, खंडणी : राजा तोच, पण दरवर्षी देणं बांधलेलं, जसं १३१० ला वारंगळचं. रामदेवरावाचंही तसंच : काफूरने त्याला दिल्लीला नेलं, सुलतानाने 'राय-ए-रायान' हा किताब देऊन परत पाठवलं. तीन, खालसा करणं : आपला अधिकारी, आपली वसुली. देवगिरीत हे १३१३ च्या सुमारास शंकरदेव मारला गेल्यावर सुरू झालं, अल्लाउद्दीन १३१६ ला मेल्यावर विस्कटलं, आणि १३१८ मध्ये त्याचा मुलगा मुबारकशाह याला स्वतः येऊन देवगिरी परत घ्यावी लागली. वारंगळ खालसा झालं ते तुघलकांच्या काळात, १३२३ मध्ये.

वैरागड यातल्या कुठल्या खान्यात बसतं? तिसऱ्यात नक्की नाही. दुसऱ्यात बसवायला पुरावा नाही. पहिल्यात? फौज तिथून गेली आणि तिथे हिरे निघतात असं लिहिलं गेलं, एवढंच हातात आहे. हिऱ्याची खाण असलेल्या मुलखाचंही दिल्लीने काही केलं नाही, याचा अर्थ दिल्लीचा हात तिथवर पोचत नव्हता की पोचवायची गरज वाटली नाही? हा प्रश्न माझ्या ठाम वाक्यापेक्षा कितीतरी जास्त संशोधन करण्यासारखा आहे.

खुसरोवर एक टीका

इतकं झाल्यावर खुसरोवर रागावणं सोपं आहे. दरबारी कवी, काय खरं सांगणार! पण "दरबारी होता" म्हणून साधन बाजूला सारणं हा आळस आहे. टीका नेमकी हवी.

पहिली नेमकी गोष्ट, तो काय गाळतो. जलालुद्दीनचा खून नाही. १३०२-०३ मध्ये बंगालच्या बाजूने वारंगळवर गेलेली आणि फसलेली पहिली मोहीम नाही. म्हणजे १३१० चं यश त्याच्या ग्रंथात पहिल्याच झटक्यात मिळाल्यासारखं दिसतं. अपयश कळायला बरनीकडे जावं लागतं.

दुसरी, तो लिहितो कसा. या ग्रंथातला प्रत्येक परिच्छेद एका उपमाक्षेत्रात बांधलेला आहे : कुठे पाणी, कुठे ग्रह-तारे, कुठे बुद्धिबळ. हबीबच्या भाषांतरात प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर ते सांगितलेलंही आहे. पाण्याच्या उपमांचा परिच्छेद असेल तर त्यात नदी 'प्रचंड' असणारच! ते विशेषण भूगोलाचं नसून अलंकाराचं असतं. उलट, जे नाव किंवा जो आकडा त्या अलंकारात बसत नाही, कवीला काही उपयोगाचा नाही, तरी आलेला आहे, तो बहुधा फौजेकडून दरबारात आलेल्या कागदातला. बसीरागढसारखं ओबडधोबड नाव मला म्हणूनच विश्वसनीय वाटतं.

तिसरी, आणि मला सगळ्यात लागलेली. हिरे आहेत, नद्या आहेत, पण त्या मुलखात राहणारी माणसं नाहीत. तो काही निर्मनुष्य प्रदेश नव्हता. वैनगंगेकाठची मार्कंड्याची देवळं तेव्हाही जुनीच होती. वैरागडला गोंडांच्या आधी माना राजे होते असं परंपरा सांगते. खाणीत खणणारे कोण होते, फौज आली तेव्हा ते कुठे गेले, फौजेला वाट कोणी दाखवली? खुसरोला हे सांगायचं नव्हतं. पण माझ्या वाक्यात तरी ती माणसं कुठे होती? 'चांदा प्रदेश जिंकला', संपलं. ज्या गावच्या अभिमानापोटी मी ते वाक्य लिहिलं, त्याच मुलखातल्या लोकांना मीही खुसरोसारखंच गाळलं होतं.

शीर्षकाबद्दलही जाता जाता. माझ्या शीर्षकात 'पूर्वमध्ययुगीन तुर्क सत्ता' असं होतं. भारतीय इतिहासात पूर्वमध्ययुग साधारण बाराव्या शतकाच्या शेवटापर्यंत धरतात, खलजी त्यानंतरचे. आणि खलजी मूळचे तुर्क मानले तरी पिढ्यान्पिढ्या अफगाणांच्या मुलखात राहिलेले. दिल्लीतले जुने तुर्क सरदार त्यांना आपले मानत नव्हते, हे बरनीवरूनच दिसतं. लेबल लावायच्या आधी ते त्या काळात कुणी कुणाला लावत होतं, ते बघा.

आता ते वाक्य

दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये मी असं लिहिलं :

"हिजरी ७०९ (१३०९-१०) मध्ये मलिक काफूरच्या नेतृत्वाखाली वारंगळकडे गेलेली दिल्लीची फौज, अमीर खुसरोने उल्लेखलेले बसीरागढ म्हणजे वैरागड ही ओळख ग्राह्य धरल्यास, आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातून गेली असावी, या भागावर खलजींचा प्रत्यक्ष अंमल बसल्याचा पुरावा मात्र मला आढळलेला नाही."

लांबलचक आहे, अडखळत जातं, पोस्टरवर छापण्यासारखं नाही. गाईडनी एकच रेघ मारली, 'असावी' खाली, आणि बाजूला बरोबरची खूण केली.

तुमच्यासाठी काम : आज तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात ठाम वाक्य निवडा. त्यातल्या प्रत्येक नावाखाली, सालाखाली आणि क्रियापदाखाली रेघ मारून 'कशावरून?' लिहा. उत्तर 'पुस्तकात आहे' असं आलं तर ते पुस्तक कशावरून सांगतं ते बघा. आणि शेवटी स्वतःला विचारा : हे वाक्य खरं असावं असं मला का वाटतं? पाचही रेघांची उत्तरं मिळाली आणि हे उत्तर मिळालं नाही, तर काम अजून बाकी आहे.

ते खांब अजून रस्त्याच्या कडेला उभे आहेत. पुढच्या लेखात त्यांच्याकडे बघू. घंटीच्या गोष्टीलाही 'कशावरून?' विचारायचं आहे, फक्त या वेळी उत्तर आधी ठरवून नाही.